मोटारसायकलच्या तारा आणि इंजिनाची उष्णता

शाळा सुटतांना आमच्या आवारांतील चिंचेखालीं मोटारसायकलींची जी रांग उभी असते, तिच्याजवळून जातांना लहान मुलें पाय आवरून चालतात. सायलेन्सरला पोटरी लागली म्हणजे काय होतें, हें प्रत्येक घरांत कोणी ना कोणी अनुभविलेलें असतें. एकदां चटका बसला कीं पुन्हां सांगावें लागत नाहीं. मनुष्य पाय मागें घेतो. परंतु त्याच गाडींत, त्याच तापलेल्या धातूच्या जवळून, बोटभर जाडीचा विजेच्या तारांचा एक जुडगा गेलेला असतो, आणि त्याच्या सोबतीस क्लच व अ‍ॅक्सिलरेटर यांच्या केबली असतात. त्यांस चटका बसला तरी मागें सरतां येत नाहीं. त्यांची जागा मनुष्यानेंच ठरवून द्यावयाची असते. ही जागा कशी ठरवावी व ती चुकल्यास काय होतें, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न मोटारसायकलइतकाच जुना आहे. जर्मनींतील कान्श्टाट येथें गोटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख या दोघांनीं इ. स. १८८५ मध्यें लाकडी सांगाड्यावर एक लहानसें इंजिन बसवून जें वाहन तयार केलें, तें पेट्रोलसारख्या इंधनावर चालणारी पहिली मोटारसायकल म्हणून ओळखलें जातें. आजच्यासारखा स्पार्क प्लग त्या इंजिनास नव्हता. ज्योतीनें सतत तापवून ठेवलेल्या एका नळीच्या योगानें आंतील वायु पेटविला जात असे, आणि ही तप्त नळी बैठकीच्या अगदीं खालीं होती. त्याच वर्षीं डाइमलर यांचा मुलगा तें वाहन घेऊन शेजारच्या उंटरट्युर्कहाइम गांवाकडे निघाला असतां वाटेंत बैठकच पेटली. ज्या वस्तूस उष्णता सोसत नाहीं, ती वस्तु उष्णतेच्या जवळ ठेवूं नये, हा धडा मोटारसायकलनें आपल्या पहिल्याच प्रवासांत दिला. बैठकीखालची ती नळी पुढें गेली. परंतु तारा आल्या, आणि धडा तसाच राहिला.

प्रथम ही उष्णता येते कोठून, तें पाहूं. पेट्रोल जळून जी शक्ति उत्पन्न होते, तिचा सुमारें चौथा हिस्साच चाकापर्यंत पोंचतो. उरलेला बहुतेक भाग उष्णतेच्या रूपानें वायां जातो. कांहीं धुराबरोबर, कांहीं सिलिंडरच्या भिंतींतून. सिलिंडरच्या आंत ज्वलनाच्या क्षणीं वायूचें उष्णमान २,००० अंश सेल्सिअसच्याहि वर जातें. बाहेर पडणारा धूर पुष्कळदां ६०० अंशांच्या पुढें असतो. त्यामुळें ज्यास आपले मिस्त्री बेंड पाईप म्हणतात, त्या सिलिंडरपासून सायलेन्सरपर्यंत जाणाऱ्या वांकड्या नळीचा पृष्ठभाग सामान्यतः २०० ते ४०० अंशांपर्यंत तापतो. वाऱ्यानें गार होणाऱ्या इंजिनाच्या हेडाचें उष्णमान १५० ते २०० अंश असणें ही नित्याची गोष्ट आहे. पाणी १०० अंशांवर उकळतें, व भाकरीचा तवा सुमारें २०० अंशांपर्यंत तापतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचा अर्थ कळेल. सिलिंडरच्या हेडाला टेकलेली तार ही तव्याला टेकलेली तार होय. आणि बेंड पाईपाला टेकलेली तार त्याहूनहि वाईट स्थितींत असते.

उष्णता एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे तीन मार्गांनीं जाते, असें आपण पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत शिकतों. मोटारसायकलींत हे तिन्ही मार्ग एकाच ठिकाणीं पाहावयास मिळतात. पहिला मार्ग वहनाचा. तार तापलेल्या धातूला प्रत्यक्ष टेकली कीं उष्णता सरळ तिच्या आवरणांत शिरते. दुसरा मार्ग अभिसरणाचा. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. म्हणून सिलिंडरच्या बाजूनें गेलेल्या तारेपेक्षां त्याच्या डोक्यावरून गेलेली तार, दोहोंचें अंतर सारखेंच असलें तरी, अधिक तापते. तिसरा मार्ग प्रारणाचा. यांत स्पर्शाची गरज नाहीं व हवेचीहि नाहीं. शेकोटीपुढें बसलें असतां तोंड भाजतें आणि पाठ गार राहते, तें यामुळेंच.

या तिसऱ्या मार्गाविषयीं एक नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ऑस्ट्रियांतील शास्त्रज्ञ योझेफ श्टेफान यांनीं १८७९ सालीं असें दाखविलें कीं, तापलेल्या पृष्ठभागांतून निघणारी ही उष्णता त्याच्या निरपेक्ष उष्णमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत वाढते. सेल्सिअसच्या अंशांत २७३ मिळविले म्हणजे निरपेक्ष उष्णमान मिळतें. १०० अंशांची नळी ३७३ वर आहे, आणि ३०० अंशांची ५७३ वर. दुसऱ्या संख्येस पहिलीनें भागून येणाऱ्या भागाकाराचा चौथा घात काढा. उत्तर सुमारें साडेपांच येईल. म्हणजे घाटाच्या चढावर बेंड पाईप अधिक तापला कीं त्याच्या शेजारच्या तारेवर पडणारी आंच आपल्या कल्पनेपेक्षां पुष्कळच अधिक वेगानें वाढते. सपाट रस्त्यावर कित्येक महिने निर्धास्त राहिलेली तार एखाद्या लांब चढावर दगा देते, याचें एक कारण हें आहे.

येथें पुष्कळांच्या समजुतींत एक चूक असते, ती दूर केली पाहिजे. गाडी धांवत असतांना इंजिन सर्वांत जास्त तापतें व म्हणून तारांस त्याच वेळीं सर्वांत जास्त धोका असतो, असें आपणांस वाटतें. परंतु गाडी धांवत असतांना समोरचा वाराहि वाहत असतो. तो सिलिंडरच्या पात्यांवरून उष्णता वाहून नेतो आणि तारांनाहि गार ठेवतो. गाडी उभी केली कीं वारा थांबतो, पण धातूंत सांठलेली उष्णता थांबत नाहीं. ती टाकीखालच्या कोंडलेल्या जागेंत वर चढत राहते. त्यामुळें इंजिन बंद केल्यानंतरच्या पहिल्या कांहीं मिनिटांत टाकीखालच्या तारांस चालत्या गाडीपेक्षांहि अधिक उष्णता लागूं शकते. आपण किल्ली काढून घरांत जातों, हातपाय धुतों, चहा घेतों; आणि त्याच वेळीं तार भाजत असते. ही गोष्ट कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, म्हणूनच ती सांगणें अवश्य आहे.

आतां तारेकडे वळूं. विजेच्या तारेंतील तांबें १,०८५ अंशांवर वितळतें. त्यास इंजिनाची भीति नाहीं. भीति आहे ती तांब्यावरील आवरणाला. साधें आवरण पी.व्ही.सी. या प्लॅस्टिकचें असतें, आणि सामान्य प्रतीच्या पी.व्ही.सी.ला सतत सोसवणारें उष्णमान सुमारें ७० अंश असतें. वाहनांकरितां मुद्दाम बनविलेलें आवरण १०५ अंशांपर्यंत टिकतें. सिलिकोन रबराचें आवरण सुमारें १८० अंशांपर्यंत सोसतें. बाजारांत गजावर मोजून मिळणारी तार बहुधा पहिल्या प्रकारची असते, कारण ती घरांतील दिव्यासाठीं केलेली असते. ती मोटारसायकलींत बसविणें म्हणजे सुती सदऱ्यानें चुलींतील निखारा उचलण्यासारखें आहे.

बरें, आवरण एकदम वितळलें तर तें निदान दिसतें. अधिक घात होतो तो हळूहळू. पी.व्ही.सी. मऊ राहावें म्हणून त्यांत जें तेलासारखें द्रव्य मिसळलेलें असतें, तें उष्णतेनें उडून जातें. मग आवरण कडक होतें, त्यास बारीक तडे पडतात आणि एके दिवशीं खड्ड्यांतील हिसक्यानें तें फुटतें. या क्रियेचा वेग उष्णमानाबरोबर फार झपाट्यानें वाढतो. अमेरिकेंतील विद्युत्-अभियंता व्ही. एम. मॉन्टसिंगर यांनीं १९३० सालीं ट्रान्सफॉर्मरच्या आवरणांविषयीं असा निष्कर्ष मांडला कीं, उष्णमान सुमारें ८ अंशांनीं वाढलें कीं आवरणाचें आयुष्य निम्मे होतें. इतर आवरणांच्या बाबतींत अभियंते स्थूल मानानें दहा अंशांचा हिशेब धरतात. त्या हिशेबानें जी तार आठ वर्षें टिकली असती, ती दहा अंश अधिक तापल्यास चार वर्षें, वीस अंशांनीं दोन वर्षें आणि तीस अंशांनीं एकच वर्ष टिकेल. दोन बोटें जागा सोडल्यानें अनेकदां एवढा फरक सहज पडतो. ज्या अंतराची किंमत एक पैहि नाहीं, त्यानें तारेचें आयुष्य कित्येक पटींनीं वाढतें.

केबलींची गोष्ट थोडी निराळी आहे. क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल वीज वाहत नाहीं. ती हाताची ओढ वाहते. तिच्यांत मध्यें पोलादी तारांचा पीळ, त्याभोंवतीं गुळगुळीत प्लॅस्टिकचें अस्तर, त्याभोंवतीं पोलादी वेटोळ्यांची नळी व सर्वांवर काळें आवरण असतें. उष्णता लागली कीं आंतील वंगण प्रथम पातळ होऊन वाहून जातें व मागाहून अस्तर मऊ पडून पिळाला चिकटूं लागतें. बाहेरून पाहणाऱ्यास केबल जशीच्या तशी दिसते. या बाबतींत आम्हांस स्वतःस जो अनुभव आला, तो येथें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं आमच्या मोटारसायकलची टाकी काढवून आंतून स्वच्छ करून घेतली. टाकी पुन्हां बसविली गेली तेव्हां अ‍ॅक्सिलरेटरची केबल सांगाड्याच्या उजव्या अंगाऐवजीं डाव्या अंगानें खालीं उतरली व सिलिंडरच्या हेडाला टेकून राहिली. आम्हीं तें पाहिलें नाहीं, कारण आम्हीं पाहण्याचा विचारच केला नाहीं. पुढें मूठ पिळतांना थोडी जड लागूं लागली. हात सोडला असतां ती पूर्वींसारखी झटकन् मागें येत नसे. सुटींत पाहूं, असें म्हणत आम्हीं तीन आठवडे काढले.

एके दिवशीं दुपारीं नववीच्या एका विद्यार्थ्यास वर्गांत ताप भरला. त्याचें गांव अकरा किलोमीटर दूर. मोटार संध्याकाळपर्यंत नव्हती. आम्हीं त्यास मागें बसवून घरीं पोंचविण्यास निघालों. गांवाजवळ एक उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशीं त्या दिवशीं बाजार भरलेला होता. उताराच्या माथ्यावर आम्हीं मूठ सोडली, परंतु इंजिनाचा वेग कमी होईना. उलट उतार मिळतांच गाडी अधिकच जोरानें निघाली. तापानें मलूल झालेलें तें मूल आमच्या पाठीला डोकें टेकून बसलें होतें. आम्हीं क्लच दाबला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलें, आणि दोन्ही ब्रेक लावीत गाडी रस्त्याच्या कडेच्या मातींत नेऊन उभी केली. भाजीच्या पहिल्या पालापासून आम्ही फार तर वीस पावलांवर होतों. मुलानें डोकें उचलून विचारलें, "सर, घर आलें का?" त्यास आम्हीं काय उत्तर दिलें, तें आतां आठवत नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं ती केबल काढून कापून पाहिली. हेडाला टेकलेल्या जागीं बाहेरचें आवरण फक्त थोडें चकाकत होतें. आंतील अस्तर मात्र बोटभर लांबींत वितळून पिळाला घट्ट धरून बसलें होतें. ज्या कारागिरानें टाकी बसविली त्याचा दोष आम्ही येथें काढीत नाहीं. त्याची चूक एका क्षणाची होती. आमची तीन आठवड्यांची होती. दुसऱ्याचें मूल आपल्या पाठीशीं बसलें असतां जड लागणाऱ्या मुठीची उपेक्षा करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

विजेच्या तारेचें आवरण गेलें म्हणजे धोका निराळ्या स्वरूपाचा असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीस आपण क्षुद्र समजतों, कारण तिला हात लावला तरी झटका बसत नाहीं. परंतु विरोध फार कमी झाला कीं हेंच क्षुद्र यंत्र भयंकर होतें. उघडें पडलेलें तांबें सांगाड्यास टेकलें व त्या मंडलाचा एकंदर विरोध, उदाहरणार्थ, दशांश एक ओहम राहिला, तर ओहमच्या नियमाप्रमाणें १२० अँपियर प्रवाह वाहूं लागेल. १२ ला १२० नें गुणा. १,४४० वॅट होतात. स्वयंपाकघरांतील विजेच्या शेगडीइतकी उष्णता त्या वेळीं टाकीखालच्या तारांत उत्पन्न होईल, आणि टाकींत पेट्रोल आहे. अशा प्रसंगीं तारेआधीं स्वतः वितळून मंडल तोडावें, म्हणून फ्यूज बसविलेला असतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागीं जाड तार किंवा पाकिटांतील चंदेरी कागद बसविणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. राखणदार भुंकतो म्हणून त्याचें तोंड बांधावें, तशांतलाच हा प्रकार होय. फ्यूज गेला तर तो कां गेला, तें शोधावें. बहुधा एखादी तार कोठें तरी भाजलेली सांपडेल.

आतां उपाय सांगतों. पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे अंतर. तार किंवा केबल यांपैकीं कोणतीहि वस्तु इंजिनाला वा बेंड पाईपाला टेकतां कामा नये. मध्यें निदान दोन बोटें मोकळी जागा असावी, आणि बेंड पाईपाजवळ त्याहून अधिक. गाडी बनविणाऱ्यानें सांगाड्यावर ठिकठिकाणीं जे आंकडे व पकडी बसविलेल्या असतात, त्या शोभेसाठीं नसतात. टाकी काढण्यापूर्वीं कोणती तार कोणत्या अंगानें गेली आहे, तें कागदावर रेखाटून ठेवावें, किंवा मोबाइलवर तिचें छायाचित्र घ्यावें. एवढें आम्हीं केलें असतें तर वरील प्रसंग घडला नसता.

दुसरा उपाय म्हणजे बांधणी. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळविलें असतां तार ताणली जाऊं नये, इतकी ती सैल असावी. परंतु सैल राहिलेला फांसा सिलिंडरवर लोंबूं नये. बांधण्यास नायलॉनच्या पट्ट्या वापरतात. त्या सांगाड्याच्या गार नळीस बांधाव्या, इंजिनास कधींहि नव्हे, कारण उष्णतेनें ती पट्टीच तुटते. विजेच्या तारा पेट्रोलच्या नळीस बांधूं नयेत. केबल बांधतांना पट्टी आवळूं नये. तिला थोडें हलतां आलें पाहिजे.

तिसरा उपाय पडद्याचा. जेथें जागाच अपुरी असेल तेथें तार व तापलेली नळी यांच्या मध्यें चकचकीत पत्र्याचा तुकडा असा बसवावा कीं, दोन्ही बाजूंनीं हवा खेळती राहील. चकचकीत पृष्ठभाग प्रारणाची उष्णता परत फिरवितो व मधली हवा वहन थांबविते. पत्र्याच्या कडा मात्र घासून बोथट कराव्या. नाहीं तर उष्णतेपासून वांचलेली तार पत्र्यानें कापली जाईल. येथें चिकटपट्टीविषयीं एक शब्द सांगितला पाहिजे. भाजलेल्या तारेवर काळी चिकटपट्टी गुंडाळली कीं काम झालें, असा पुष्कळांचा समज आहे. ती पट्टीहि बहुधा पी.व्ही.सी.चीच असते. तिचा डिंक उष्णतेनें पातळ होऊन वाहतो, त्यावर धूळ व तेल बसतें, आणि खालची जखम झांकली जाते. जागा बदलल्यावांचून गुंडाळलेली पट्टी हा उपाय नसून विलंब आहे.

यावर कोणी असें विचारील कीं, एखादी तार उष्णतेच्या जवळ नेणें अपरिहार्यच असेल तर काय करावें? अशी तार खरोखरच आहे. भारतांत १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे बी.एस. ६ हे नियम लागू झाले, तेव्हांपासून नवीन मोटारसायकलींत धुरांतील प्राणवायु मोजणारें एक लहान उपकरण धुराच्या नळींतच बसविलेलें असतें, आणि त्याची तार त्या तापलेल्या नळीपासूनच निघते. परंतु ती तार साधी नसते. तिला अधिक उष्णता सोसणारें आवरण असतें, आणि नळीपासून निघतांच ती दूर नेऊन पकडींत बसविलेली असते. म्हणजे अपरिहार्य तेथें योग्य द्रव्य, आणि शक्य तेथें अंतर, हाच नियम तेथेंहि पाळलेला आहे. ही तार तुटल्यास कोणतीहि दुसरी तार जोडून भागत नाहीं, हें जुन्या पद्धतीच्या कारागिरांनीं ध्यानांत ठेवावें.

विद्यार्थीमित्रहो, आपणांपैकीं बहुतेकांस गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना मिळण्यास अद्यापि अवकाश आहे, कारण कायद्यानें त्यास अठरा वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. परंतु पाहण्यास परवाना लागत नाहीं. घरीं वडिलांची किंवा वडील भावाची गाडी असेल, तर सकाळीं इंजिन अगदीं थंड असतांना, त्यांना विचारून, दहा मिनिटें तिच्याजवळ बसा. टाकीखालीं उजेड पाडून पाहा. एखादी तार तपकिरी झाली आहे काय, चकाकते आहे काय, दोन तारा एकमेकींस चिकटल्या आहेत काय, हलकेंच वांकविली असतां आवरणास तडा दिसतो काय? जादा दिवे, मोठा भोंगा किंवा मोबाइल चार्ज करण्याची सोय मागाहून बसविली असेल, तर तिची तार प्रथम पाहा. फ्यूजवांचून जोडलेल्या तारा बहुधा अशाच ठिकाणीं सांपडतात. इंजिन बंद असतांनाच मूठ पिळून सोडा. ती आपोआप व झटकन् जागेवर आली पाहिजे. नंतर वडिलांना गाडी मोकळ्या जागेंत उभी करून इंजिन मंद चालू ठेवण्यास व हँडल दोन्ही बाजूंस वळविण्यास सांगा. हँडल वळतांना इंजिनाचा आवाज वाढत असेल, तर केबल कोठें तरी ओढली जात आहे, असें समजा.

कांहीं गैर आढळल्यास त्याच दिवशीं सांगा, आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत ती बाहेर काढूं नये, असा आग्रह धरा. आमच्या पाठीशीं बसलेला तो मुलगा चार दिवसांनीं बरा होऊन शाळेंत आला. उतारावर काय घडलें, हें त्यास कळलेंच नव्हतें. आम्हीं तें त्यास व त्याच्या वडिलांस पुढें सांगितलें, आणि आज या अंकांत सर्वांस सांगत आहों.